मुकादम कुठे गेला?

तुकईथड, जि. बुऱ्हाणपूर
९ नोव्हेंबर

चि. मृणालला,


व्हॉट्सअ‍ॅपवरचा तुझा लांबलचक मजकूर दोनदा वाचला. उत्तर मात्र पत्रानेच देतोय, त्या चिमुकल्या कीबोर्डवर माझी बोटं चालत नाहीत.

मेल उघडतेस आणि तशीच बसून राहतेस. गॅसवर दूध, हातात मोबाईल, काय करायचं ते ठाऊक आहे पण उठणं होत नाही. रील्स बघून तू ठरवूनही टाकलंस की हा एडीएचडीच. असेलही. मी डॉक्टर नाही, मास्तर आहे, म्हणून मास्तरासारखा एकच प्रश्न विचारतो: कधीपासून? एडीएचडीच्या खुणा लहानपणापासून असतात, डॉक्टरसुद्धा बाराव्या वर्षाच्या आतलं विचारतात. हुशार मुलींच्या बाबतीत त्या झाकून जातात, हे कबूल. पण तू आठवीत असताना उन्हाळ्यात इथे ओट्यावर बसून गणिताचं अख्खं पुस्तक संपवलं होतंस. आणि आता लिहितेस, ‘गेल्या दिवाळीपासून’.

आपल्याकडे केळीची कटाई असते ना, तसं समज. ट्रक उभा, दहा मजूर हजर, पण मुकादम आला नाही तर सगळे बांधावर बसून राहतात. त्यांना कोणी आळशी म्हणत नाही. काय आधी, काय मागून, थांबायचं कधी, हे ठरवणारा मुकादम मेंदूतही असतो, मुख्यतः कपाळामागच्या भागात. तो का आला नाही, याची कारणं ढीगभर आहेत. नैराश्य, डोक्याला मार, दारू, अर्धांगवायूचा छोटासा झटका, झोप. (तुझे बाबा घोरता घोरता मध्येच श्वास थांबवतात, त्यांनाही दाखवा. दिवसभर पेंगतात ते काही वयामुळेच नसेल.)

माझंच सांगतो. तुझी मामी गेली त्यानंतरच्या वर्षी लाइटबिल टेबलावर पडून होतं. त्यावर रोज पाण्याचा पेला ठेवायचो, गोल डागांवर गोल डाग पडले. पैसे होते, भरणा केंद्र चार पावलांवर होतं. शेवटी लाइट कापली, अंधारात बसलो आणि तरीही उठलो नाही. सगळे म्हणाले, दुःख आहे, वेळ लागेल. मलाही तेच वाटलं. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड पार मंदावलेलं निघालं. दुःख खोटं नव्हतं गं, पण त्याच्या आड दुसरंही काही लपलं होतं. आता पहाटे उपाशीपोटी गोळी घेतो आणि अर्ध्या तासाने चहा. दोन-तीन महिन्यांनी बिलं आपोआप भरली जाऊ लागली.

एक गोष्ट मात्र अजून सलते. माझ्या वर्गात एक कोरकू मुलगा होता. कंपास उघडायचा, पट्टी काढायचा आणि थांबायचा. पुढे काय, ते सुचतच नसे. मी त्याला भर वर्गात ‘आळशी’ म्हटलंय, एकदा नाही, कितीदा. पुढे कळलं, त्याला सिकलसेल होता. या आजारात मेंदूला रक्त कमी पडून बारीक इजा होतात, बाहेरून काही दिसत नाही आणि बऱ्याचदा त्या कपाळामागेच होतात. त्याच्या डोक्याचा स्कॅन कोणी केलाच नाही, म्हणून कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही. पण ‘आळशी’ म्हणण्याआधी मी त्याला कधीपासून, काय होतं, एवढंही विचारलं नाही. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तेव्हा तोच डोळ्यांपुढे आला.

आणि तुझा हप्ता? नवीन फ्लॅट, त्यात कंपनीत कपात चालू. हसू नकोस. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची चाचणी घेतली होती, २०१३ साली ‘सायन्स’मध्ये छापून आली. तोडणीआधी, हात आखडता असताना, आणि पैसे आल्यावर, माणसं तीच. आधीच्या चाचणीत त्यांची बुद्धी मंदावलेली दिसली. मुकादमच उधारीच्या हिशेबात गुंतला तर कटाई कोण बघणार? आपल्या कापूसवाल्यांना हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

तू रात्री दोनपर्यंत अमेरिकेशी बोलतेस, सकाळी आठला उठतेस. घरात अंडंही शिजत नाही, तेव्हा बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच. आधी हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर एवढं तपासून घे. मग मनोविकारतज्ज्ञाकडे जा, आणि एडीएचडीबद्दलही मोकळेपणाने विचार. रील्सवाल्यांच्या सांगण्यावरून गोळी मात्र घेऊ नकोस. मन फारच खचलं तर १४४१६, टेलिमानस, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

साखरेसाठी उपाशीपोटी जावं लागतं, म्हणून आदल्या रात्री लवकर झोप. रिपोर्टचा फोटो पाठव, आकडे मोठे दिसतील असा काढ.

तुझा,
मामा