निष्क्रिय खाते

बँकेत लागून मला बावीस वर्षे झाली. त्यातली बहुतेक मी दुसऱ्यांच्या सह्या निरखण्यात घालवली. 'र'ची शेपटी जरा लांबली की माझी भुवई आपोआप वर चढते. अशा माणसाच्या वडिलांची सहीच पक्षाघाताने जावी, हा नशिबाचा चावटपणा म्हटला पाहिजे.

अण्णा तालुक्याच्या शाळेत मास्तर. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. गेल्या श्रावणात मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली आणि उजवा हात गेला. म्हणजे, गेला असं आम्ही धरून चाललो. डाव्या हातानं ताबडतोब चार्ज घेतला. जेवण, दाढी, जपमाळ, सगळं तोच बघू लागला; त्याला न जमणारं आई, ही आणि मी. ऑफिशिएटिंगवर बसलेला कारकून खुर्चीत रुळला, की रजेवरून परतलेल्या मूळ साहेबाला कोण विचारतो? उजवा हात मांडीवर पडून राही. पेन्शनच्या फॉर्मवर डाव्या अंगठ्याचा ठसा मीच घेतला. शाईची डबीही माझीच. तेवढा वेळ अण्णा भिंतीकडे बघत होते.

चौथ्या महिन्यात फिजिओथेरपीच्या बाई येऊ लागल्या. बाई कसल्या, माझ्या पुतणीच्या वयाची पोर! तिनं उजव्या हाताचं मनगट, बोटं थोडी तरी उचलतात ना ते पाहिलं आणि पिशवीतून एक जाड मोजा काढून अण्णांच्या डाव्या हातात चढवला. चांगल्या हातात! मी म्हटलं, "अहो, घरात कमावता हात हा एकच."

"काका, हे वाचा," म्हणून तिनं चार छापील कागद दिले.

मी पडलो बी.कॉम. तरी नेटानं वाचलं. एडवर्ड टॉब नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ माकडांवर प्रयोग करत. माकडाच्या एका हातातून मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या, की स्नायूंच्या नसा शाबूत असूनही माकड तो हात वापरणंच सोडी. मात्र चांगला हात बांधला, की तोच 'गेलेला' हात घास उचलू लागे. (माकडांच्या हालांवरून 1981 मध्ये मेरीलँडमधल्या त्यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली, खटला झाला, 1983 मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली. माकडांचं अपील कुणी ऐकलं नाही.) टॉब यांचं म्हणणं असं, की सुरुवातीला हात खरोखरच चालत नाही, दहा वेळा फजिती होते आणि न वापरण्याची सवय जडते. पुढे हात थोडाफार सुधारतो, पण मालकाला तसं कळवत कोणी नाही.

मग हेच माणसांवर करून पाहिलं. 2006 मध्ये 222 रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. दोन आठवडे, जागेपणीच्या नव्वद टक्के वेळेपर्यंत चांगल्या हातावर मोजा आणि दिवसाला सहा तासांपर्यंत सराव. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचा हात जास्त सुधारला, आणि तो फायदा वर्षभरानंतरही टिकून होता.

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. अहो, हे तर निष्क्रिय खातं! दोन वर्षे व्यवहार झाला नाही, की आम्ही खात्यावर तसा शिक्का मारतो. शिल्लक आत असतेच. आणि इथे शिक्का मारला कुणी? भरवणाऱ्या, बटणं लावणाऱ्या, अंगठा घेणाऱ्या आम्हीच.

आमच्याकडे सहा तास कुठले? तीनवर तडजोड झाली. पहिल्या दिवशी वाटीभर पोह्यांना सव्वा तास लागला. निम्मे मुंग्यांना गेले. आई सारखी उठायची. शेवटी त्या पोरीनं सांगितलं, "आजी, तुम्ही आपले हात पदराखाली ठेवा." खरं तर मोजे आम्हालाच हवे होते. अण्णांचा तो हिंदकळणारा चमचा बघत बसण्यापेक्षा मार्चअखेरचा ताळेबंद बरा.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी संतापून चमचा फेकला. उजव्या हातानं. आई रडायला लागली आणि पोरगी टाळ्या पिटायला! "आजोबा, बोटं सुटली! पकडणं सोपं असतं, सोडणंच अवघड." अण्णांना या वयात वस्तू फेकल्याबद्दल शाबासकी मिळाली.

(ज्यांच्या बोटांत हालचालच नाही त्यांना हा उपाय नाही, असं ती दोनदा बजावून गेली. तेव्हा हे वाचून कुणी आपल्या सासऱ्यांचा हात बांधू नये.)

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, काउंटरवर ही गर्दी, आणि रांगेत अण्णा. स्लिपवर त्यांनी सही केली. मी जुना नमुना काढून पाहिला. अजिबात जुळत नव्हती. नियमाप्रमाणे मी नव्या नमुना सहीचा फॉर्म पुढे केला. तीन चौकोन, तीन सह्या. मागचे लोक घड्याळं बघत होते. अण्णांनी तिन्ही पुऱ्या केल्या, चष्मा कपाळावर सारून त्या तपासल्या आणि फॉर्म माझ्याकडे परत सरकवला.

"दुसरीची शिरोरेघ तुटलीय. कोरा फॉर्म दे."

मी दिला.