आपण

आमच्या घरी आई अण्णांना ‘अहो’ म्हणते, मी ‘तुम्ही’ म्हणते आणि आजी ‘तू’. अण्णाही आजीला ‘तू’च म्हणतात. तिने चुकून ‘तुम्ही’ म्हटले, तर काहीतरी बिनसले आहे असे समजावे!

दिवाळी सरली की पाटोदा, धारूर, वडवणी अशा आमच्या बीड जिल्ह्याच्या तालुक्यांतून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. तेथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. लहानपणी मीही फडाजवळच्या कोपीत राहिले आहे. मिसरूड न फुटलेला स्लिपबॉय अण्णांना, ‘ए, मोळी नीट बांध’ म्हणे आणि अण्णा त्याला ‘साहेब’ म्हणत. शब्द आजीचाच, ‘तू’. पण अण्णांची मान खाली जाई. असे का, ते मला तेव्हा कळले नाही.

पुढे महाविद्यालयात ब्राऊन आणि गिल्मन या अभ्यासकांच्या १९६० सालच्या निबंधाविषयी ऐकले. युरोपातील भाषांतही असा भेद आहे. स्पॅनिशमध्ये तर आपल्यासारखाच ‘तू’ आहे. आणि आदरार्थी ‘उस्तेद’ हा ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनातून आला. दोघे परस्परांना ‘तू’ म्हणत असतील तर ती जवळीक. एकालाच म्हणता येत असेल तर ती सत्ता. आजी आणि स्लिपबॉय यांच्यातला फरक मला त्या दिवशी उमगला. विठोबाला ‘तू’ म्हणणारे वारकरीही आठवले.

एकदा अण्णा माझी फी भरायला आले. सर उठून म्हणाले, “बसा. आपण चहा घेणार ना?” अण्णांनी आधी मागे वळून पाहिले. मग म्हणाले, “घेऊ की सर, दोघंबी.” ‘आपण’ म्हणजे तुम्ही आणि मी, असेच त्यांना वाटले होते. मी लाजले, पण सरांनी हसून दोन कप सांगितले. आता वाटते, अण्णांचे व्याकरण काही चुकले नव्हते. मराठीतल्या सर्वांत आदराच्या शब्दात बोलणाराही सामावतो.

त्या सुट्टीत मी आईला विचारले, “अण्णा तुला ‘तू’ म्हणतात, मग तू त्यांना का म्हणत नाहीस?” ती कोयत्याला धार लावत होती. मान वर न करता म्हणाली, “त्यांला ‘तू’ म्हनलं, तर मग मला म्हनायला खाली काय राह्यलं?”

या प्रश्नाचे उत्तर मला अजून कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.