कणखरपणाचं कौतुक

संकटात न डगमगणाऱ्या बाईचं आपण भरभरून कौतुक करतो. एरिका गार्नरची हकिगत वाचल्यापासून मला ते कौतुक सहजपणे करवत नाही.

17 जुलै 2014 रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर पोलिसाने गळ्याला घातलेल्या विळख्यात तिचे कृष्णवर्णीय वडील, एरिक गार्नर, गेले. डिसेंबरात ग्रँड ज्युरीने त्या पोलिसावर आरोप ठेवायला नकार दिला. चोवीस वर्षांची एरिका, पदरात लहान मुलगी, वडील जिथे कोसळले तिथेच जाऊन निदर्शनं करत राहिली. 2017 मध्ये तिला मुलगा झाला आणि तिचं हृदय वाढल्याचं कळलं. त्याच वर्षी 30 डिसेंबरला, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, ती गेली. वय 27. त्या पोलिसाला नोकरीवरून काढलं ते 2019 मध्ये. एरिकाला दमा होता, नुकतंच बाळंतपण झालं होतं. एकाच कारणावर बोट ठेवता येणार नाही. पण त्या साडेतीन वर्षांना वगळून तिच्या हृदयाबद्दल बोलणं मला अप्रामाणिक वाटतं.

सततची अवहेलना आणि धास्ती सोसणारं शरीर वयाआधीच झिजतं, असं संशोधक अर्लीन जेरोनिमस यांनी 1992 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांविषयी मांडलं. दुकानात पाळत ठेवणारा रखवालदार, दवाखान्यात अर्धवट ऐकलेली तक्रार, बाहेर गेलेल्या मुलाची काळजी. दर वेळी कॉर्टिसोल, अ‍ॅड्रिनलिन उसळतात, रक्तदाब चढतो. अनेकींचा तो झोपेतही पुरेसा उतरत नाही. पैशानेही सुटका होत नाही. जेरोनिमस यांच्या 2006 च्या अभ्यासात, गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांतही या झिजेचं प्रमाण गरीब गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळलं.

जॉर्जियाच्या ग्रामीण भागातलं जीन ब्रॉडी यांचं संशोधन तर मला फार अस्वस्थ करतं. हलाखीत वाढूनही शाळेत हुशार, वागायला चोख, मनाने खंबीर अशी कृष्णवर्णीय मुलं-मुली त्यांनी तपासली. एकोणिसाव्या वर्षीच त्यांच्या शरीरावर ताणाच्या खुणा होत्या. शिक्षकांनी ज्यांची पाठ थोपटली, तीच ही मुलं.

संशोधक शेरिल वुड्स-जिस्कोम्बे यांनी 2010 मध्ये आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांना या खंबीरपणाविषयी बोलतं केलं. अश्रू गिळायचे, मदत मागायची नाही, आधी इतरांचं बघायचं, हे सगळं त्यांनी सांगितलं. आणि त्याच बळावर आपण, आपलं घर, आपला समाज तगला, हेही सांगितलं. त्यांना ‘ताण घेऊ नका’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी मग हेही सांगावं, की त्या थांबल्या तर त्यांच्या वाट्याचं कोण उचलणार आहे.