दहा पायांची टिटवी

फोटोग्राफी हा मेहुण्याने उसना कॅमेरा दिल्यामुळे जडणारा विकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मला तो १९८४ सालच्या मे महिन्यात जडला. आमच्या कचेरीच्या करमणूक मंडळाने फोटोंची स्पर्धा ठेवली होती आणि विषय होता 'वात्सल्य'. बाकीचे लोक आपापल्या सौभाग्यवतींच्या मांडीवर शेजाऱ्यांची बाळे बसवून मोकळे झाले. मी ठरवले, आपण पिल्लांना भरवणारी टिटवी टिपायची. फोटोला नावसुद्धा तयार होते : 'एक घास चिऊचा'. टिटवीला चिऊ म्हणणे शास्त्राला धरून नव्हते. पण परीक्षक हिशेबखात्यातले होते.

मेहुण्याचे शेत भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. उन्हाळ्यात पाणी मागे सरते आणि काठाचा चिखल नि खडे उघडे पडतात. तिथेच टिटवीचा संसार. घरटे म्हणजे जमिनीतला खळगा. अंडी बहुधा चार, तीही खड्यांच्याच रंगाची. जवळजवळ महिनाभर उबवल्यावर पिल्ले निघतात ती डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊनच.

"दाजी, कालच चार पाहिलीत," मेहुणा म्हणाला आणि मला बाभळीखाली सोडून स्वतः जेवायला निघून गेला.

मला पाहताच टिटवीने गाव गोळा केले. इंग्रजांना म्हणे तिच्या ओरडण्यात 'डिड ही डू इट?' असा प्रश्न ऐकू येतो. आमच्या साहेबांचा सूर डिट्टो हाच! तिचे यजमान माझ्या टोपीवर झेपा घालू लागले. पिल्लांचा मात्र पत्ता नाही. अर्ध्या तासाने समोरचा एक खडा चालू लागला. मग दुसरा. काडीवर अक्रोड खोचावा तशी ती पिल्ले तुरुतुरु धावत होती आणि किडे टिपून खात होती. आपले आपण!

मी कॅमेऱ्याला डोळा लावून घासाची वाट पाहतोय आणि मातोश्री वरून नुसत्या ओरडताहेत. मला तिचा रागच आला. आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगला निघालेले, पण त्यांच्या भातावरचे तूप अजून त्यांची आईच वाढते.

दोन तासांत छत्तीसच्या रोलमधले पस्तीस फोटो संपले. तेवढ्यात मेंढरे पाण्यावर आणणारा एक म्हातारा थांबला. "काय करताय सायेब?" मी सांगितले. तो हसला.

"ती कुठली भरवती! तिची पोरं पयल्यापासनं आपलं आपण टिपत्यात. तिनं निस्ती राखण करायची आन् उनात पोटाखाली घ्यायची. तुमी हितं बसल्यावर ती उतरंल कशी? पोरं भाजत्यात की!"

म्हातारा मेंढरांमागे गेला. मला उन्हापेक्षा ते जास्त लागले. (पुढे पुस्तकांत वाचले, त्याचे खरे होते. पाणकाठच्या या भाऊबंदांत पिल्लांना भरवायची चाल फार थोड्यांची. कालवे फोडून खाणारा ऑयस्टरकॅचर त्यांतला एक. मी घास शोधत होतो तो चुकीच्या बिऱ्हाडात.)

मी उठलो आणि चांगला शंभर पावले मागे गेलो. दहा मिनिटांत टिटवी उतरली. आधी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवली आणि तसल्या ओल्या पोटाने लगबगीने पिल्लांकडे आली. चारही तिच्या पोटाखाली शिरली. मेहुण्याच्या लांब भिंगातून शेवटचा फोटो मी तेव्हा घेतला.

स्पर्धेत तो नापास झाला. हिशेबखात्याने मोजून पाहिले तेव्हा एका टिटवीला दहा पाय भरले; त्यांतल्या आठांचा खुलासा मागवण्यात आला.

पावसाळ्यात चिरंजीव होस्टेलला निघाले. एस.टी. स्टँडवर हिने मुकाट्याने लाडवांचा डबा दिला. मी मात्र खिडकीशी उभा राहून, "पाकीट आतल्या खिशात ठेव! हात बाहेर काढू नकोस! पोचल्याबरोबर पत्र टाक!" असा ओरडत होतो. सगळी गाडी माझ्याकडे पाहत होती. चिरंजीव मान खाली घालून, बाकाला चिकटून, खड्यासारखे निपचित बसले होते.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

"अहो, पुरे आता," ही म्हणाली.

मी अजून ओरडतच होतो.