आधी हेल्मेट, मग बॅट

आयपीएल सुरू झाली की आमच्या धाराशिवच्या मोहल्ल्यात पिवळ्या जर्सी बाहेर निघतात. बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, "तुमचा आणि चेन्नईचा काय संबंध?" संबंध तुळजापूरचा आहे. तिथला राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्याच वर्षी चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटी रुपयांना घेतले. ३१ मार्च २०२३ ला अहमदाबादेत तो चेन्नईकडून पहिला सामना खेळला आणि त्याने ३ बळी घेतले. तो सामना चेन्नई हरली, पण त्या वर्षीचा करंडक तिनेच जिंकला. २०२५ साठी राजवर्धन लखनौच्या संघात गेला, तरी आमच्या गल्लीचा पिवळा रंग काही उतरला नाही. धोनीच्या ७ नंबरची जर्सी ईदच्या कपड्यांबरोबर शिवून मागणारी मुले मी पाहिली आहेत.

चाहते सामना बघून उठत नाहीत, सल्ले देतात. बॅट कुठली घ्यावी, बूट कुठले, कुठले पुस्तक वाचावे, हे इशाच्या नमाजनंतर चहाच्या हॉटेलात ठरते. त्यात खोटेपणा नसतो. ज्याने जे वापरले किंवा टीव्हीवर पाहिले, ते तो मनापासून सांगतो. पण हे सल्ले जेव्हा एखाद्या घराच्या कमाईला हात घालतात, तेव्हा जरा थांबून विचार करावा लागतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी अशी वेळ आली होती.

बहिणीचे शौहर जाऊन चार वर्षे झाली. ती शिवणकाम करते. मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी बारा वर्षांची. मुलगा गल्लीत टेनिस बॉलने चांगला खेळतो. मागच्या वर्षी एका प्रशिक्षकांनी त्याला लेदर बॉलच्या सरावाला बोलावले आणि सांगितले, सामान स्वतःचे आणावे लागेल. रमजानमध्ये रात्री जागून शिवलेल्या कपड्यांचे ११,००० रुपये बहिणीने डब्यात ठेवले होते. सगळ्यांना ती रक्कम माहीत होती, कारण तिनेच भोळेपणाने सांगितली होती.

मुलाचे चाचा सर्वांत मोठे चाहते. त्यांनी सोलापूरच्या एका दुकानात इंग्लिश विलोची बॅट पाहून ठेवली होती, ९,५०० रुपयांची. "पोराला खेळाडू करायचे तर बॅटमध्ये काटकसर नको," असे त्यांचे म्हणणे. मामेभावाने सल्ला दिला की आतापासूनच पूर्ण मापाची बॅट घ्यावी, म्हणजे दोन वर्षांनी दुसरी घ्यावी लागणार नाही. शेजारच्या मुलाने धोनीवरचे भरत सुंदरेसन यांचे 'द धोनी टच' हे २०१८ चे इंग्रजी पुस्तक सुचवले. हेल्मेटचे नाव मात्र कोणीच काढले नाही.

मी बहिणीला म्हटले, "इतकी महाग बॅट आत्ताच कशाला?" तिचे डोळे भरून आले. "यतीम है बोलके कम चीज देना क्या, आपा?" या प्रश्नाला हिशेबाने उत्तर देता येत नाही. बाप नसलेल्या मुलाला इतर मुलांपुढे कमीपणा वाटू नये, ही आईची तळमळ खरी होती. म्हणून मी वाद घातला नाही. शाळेत मी मुलांना विज्ञान शिकवते. मी एवढेच म्हटले, आधी वजने बघू.

टेनिसचा चेंडू ६० ग्रॅमच्या आतला. पुरुषांच्या क्रिकेटचा लेदर चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे अडीच पटींहून जड, आणि दगडासारखा टणक. टेनिस बॉल अंगावर बसला तर मूल हसत चोळून घेते. लेदर बॉल बसला तर हाड मोडू शकते. गल्लीतून मैदानात जाताना सर्वांत मोठा फरक पडतो तो चेंडूत, आणि म्हणून पहिला खर्च चेंडूपासून वाचवणाऱ्या वस्तूंवर व्हायला हवा.

बॅटचेही तसेच. मुलाची उंची पाच फूट तीन इंच. त्या उंचीला साधारण सहा नंबरची बॅट लागते. पूर्ण मापाची बॅट घेतली तर ती त्याला जड आणि लांब होते, मग मूल बॅट फिरवायला उशीर करते आणि चुकीची सवय लागते. ओळखायची साधी रीत अशी, की उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाने फक्त डाव्या हातात बॅट धरून समोर उचलावी. मनगट थरथरले की बॅट जड आहे. बूट आपण 'पुढे वाढेल' म्हणून दोन नंबर मोठे घेतो आणि पुढे कापूस कोंबतो. बॅटमध्ये कापूस कोंबता येत नाही.

इंग्लिश विलो आणि काश्मिरी विलो यांतला फरक चाचांना माहीत होता, पण अर्धाच. इंग्लिश विलो हलके आणि मऊ असते, चेंडू त्यावरून सुटून जातो, हे खरे. पण त्या बॅटची निगा राखावी लागते. नवी बॅट थेट मैदानात नेत नाहीत. तिला कच्चे जवसाचे तेल हलक्या हाताने लावायचे, मग लाकडी हातोडीने कित्येक तास हळूहळू ठोकून तिचा पृष्ठभाग घट्ट करायचा. हे न करता सरावाच्या कडक चेंडूंवर तीच बॅट वापरली तर ती लवकर फुटते. जवस आपल्या मराठवाड्यातलेच, तेलाची अडचण नाही. अडचण ही की शिकाऊ मुलाच्या बॅटची कड रोज चेंडू खाते. काश्मिरी विलो थोडे जड असले तरी टिकाऊ आणि स्वस्त असते. अनंतनाग जिल्ह्यात हमरस्त्याच्या दुतर्फा अशा बॅटा बनवणारे कारखाने आहेत आणि देशभरातली असंख्य मुले त्याच बॅटांवर शिकतात. चौदाव्या वर्षी ती घेण्यात काहीच कमीपणा नाही.

हे सगळे बहिणीला पटले. भाच्याला पटले नाही. "खाला, हेल्मेट घातले तर पोरं हसतील. गल्लीत कोण घालतं?" चौदा वर्षांच्या मुलाला मावशीचे विज्ञान पुरे पडत नाही. तिथे पुस्तक कामाला आले.

आमच्या ओळखीत एक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. त्यांच्या कपाटात क्रिकेटची जुनी पुस्तके आहेत. शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी यांची मराठी पुस्तके आहेत, सचिन तेंडुलकर यांचे आत्मचरित्र आहे, मुश्ताक अली यांचे 'क्रिकेट डिलाइटफुल' आहे आणि मन्सूर अली खान पतौडी यांचे १९६९ चे 'टायगर्स टेल'. भाच्याला सुचवलेल्या पुस्तकाबद्दल सर वाईट बोलले नाहीत. ते म्हणाले, "धोनीचे नंतर वाच, ते कुठे जात नाही. आधी तुझ्या कामाचे ऐक." आणि त्यांनी पतौडींचे पुस्तक पुढ्यात ठेवून १९६२ ची हकीकत सांगितली.

त्या वर्षी भारताचा संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होता. कप्तान होते नरी कॉन्ट्रॅक्टर. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्याला लागला आणि कवटी फुटली. तेव्हा हेल्मेट वापरत नसत. शस्त्रक्रिया झाल्या, रक्त द्यावे लागले, आणि रक्त देणाऱ्यांत समोरच्या देशाचे कप्तान फ्रँक वॉरेलही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. पुढच्या कसोटीत कप्तानपद आले ते २१ वर्षांच्या पतौडींकडे. त्यांची एक नजर १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या मोटार अपघातात गेली होती.

भाचा गप्प बसून ऐकत होता. सरांनी पुढे रमण लांबा यांचे सांगितले. १९९८ मध्ये ढाक्याला क्लबच्या सामन्यात ते फलंदाजाच्या अगदी जवळ हेल्मेटशिवाय क्षेत्ररक्षण करत होते. चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी ते गेले. मग २०१४ चा फिलिप ह्यूज. सिडनीत खेळणाऱ्या या ऑस्ट्रेलियन फलंदाजाने हेल्मेट घातले होते, पण चेंडू त्याखाली मानेवर बसला. त्यानंतर हेल्मेटला मागे मान झाकणारी पट्टी जोडली जाऊ लागली. सर म्हणाले, "बेटा, हे सगळे तुझ्यापेक्षा मोठे खेळाडू होते. हसणारी पोरं गल्लीत राहतील, तुला मैदानात जायचंय."

त्या संध्याकाळी घरी जाताना भाच्याने मला विचारले, "खाला, मानेची पट्टी वेगळी मिळते का?" मला वाटते, चांगल्या पुस्तकाची शिफारस अशी असावी. ती वाचणाऱ्याच्या आजच्या गरजेला उपयोगी पडली पाहिजे. सर त्याला पुढे रामचंद्र गुहांच्या इंग्रजी पुस्तकातले पळवणकर बाळू सांगणार आहेत. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यात मैदानाची राखण करणारा हा दलित मुलगा साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकत शिकला आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. त्याच्या हातात कुठल्या नामांकित कंपनीचे सामान नव्हते.

या सगळ्या धामधुमीत बारा वर्षांची भाची एका कोपऱ्यात बसून ऐकत असे. ती शाळेत खो-खो खेळते. एके दिवशी हळूच म्हणाली, "माझे बूट फाटलेत." तिच्यासाठी कोणी सल्ला दिला नव्हता, कारण खो-खोला लागते काय? दोन खांब, आठ बसणाऱ्या मुली आणि पायातले बळ. पण आमच्या जिल्ह्याला देशात नाव मिळवून दिले ते याच खेळाने. इथल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती आणि दिल्लीची, अर्जुन पुरस्कार मिळवलेली नसरीन शेखही होती.

मी बहिणीला म्हटले, डब्यातले पैसे दोघांचे आहेत. मुलाच्या बॅटवर ९,५०० गेले असते तर मुलीच्या फाटक्या बुटांची आठवण पुढच्या ईदलाच झाली असती. आपल्या घरांत हे मुद्दाम होत नाही, नकळत होते. आपण मुलाच्या खेळाला भविष्य म्हणतो आणि मुलीच्या खेळाला शाळा. बहीण काही बोलली नाही. तिने डबा उघडला आणि नोटा दोघांसमोर मोजल्या.

आम्ही सोलापूरला गेलो, चाचांना बरोबर घेऊन. त्यांना वगळून गेलो असतो तर तो त्यांच्या मायेचा अपमान झाला असता. खरेदीची यादी वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देते. मानेच्या पट्टीसह हेल्मेट २,२०० रुपये. पुढच्या जाळीतून चेंडू आत शिरत नाही ना, हे दुकानातच चेंडू धरून पाहिले, आणि मान हलवल्यावर हेल्मेट डोक्यावर सरकत नाही ना, तेही. जांघेचे गार्ड २००. पॅड ते, ज्यांचा गुडघ्याचा फुगीर भाग बरोबर गुडघ्यावर येतो, १,१००. हातमोजे ७००. मांडीचे पॅड ४००. काश्मिरी विलोची सहा नंबरची बॅट १,९००. मुलाचे झाले ६,५००. मुलीचे बूट १,३०० आणि गुडघ्याच्या पट्ट्या ३००. एकूण ८,१००. उरलेले २,९०० डब्यात परत गेले.

हेल्मेटची जाळी तपासताना चाचाच सर्वांत चिकित्सक निघाले. तीन हेल्मेटे त्यांनी परत करायला लावली. दुकानाबाहेर येऊन म्हणाले, "आपा, पोरगं दोन वर्षं टिकून खेळलं तर इंग्लिश विलो माझ्याकडून." मी म्हटले, "इन्शाअल्लाह भाई, आणि जवसाचं तेल माझ्याकडून."

आपल्या आवडत्या संघाच्या नावाने एकमेकांना वस्तू आणि पुस्तके सुचवणे हा मोठा आनंद आहे, तो कोणी सोडू नये. आपल्याकडे मश्वरा ही अमानत मानतात. म्हणून सांगण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: मूल किती वर्षांचे आहे, कुठल्या चेंडूने खेळते, आणि घरात दुसरे मूल आहे का. भाचा आता आठवड्यातून चार दिवस सरावाला जातो. हेल्मेट घालून जाणारा तो पहिला होता; गेल्या महिन्यात गल्लीतल्या आणखी दोन मुलांच्या आया बहिणीकडे विचारायला आल्या होत्या, की मानेची पट्टी कितीला पडते.