बाळंतिणीची कॉफी आणि माझा हिशोब



मागच्या हिवाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला देवगावला आली होती. पुण्यात नोकरी करते, तिथे तिला दिवसातून तीनदा मोठा मग भरून कॉफी लागायची. बाळ झालं आणि मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "कॉफी बंद. दूध आटतं, बाळाची झोप उडते." माझ्या सासूबाईंनी मला जे सांगितलं तेच मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा, सगळं रीतसर चालू होतं. आपल्यात लसूण नाही, म्हणून दुधासाठी मेथ्या आणि खसखस जरा सढळ हाताने.

महिना झाला असेल. एकदा दुपारी मी स्थानकातून लवकर परतले तर ही स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या कॉफी पीत होती. मला पाहिलं आणि कप पटकन सिंकमध्ये उपडा केला. मी रागावले नाही, पण मनाला फार लागलं. मी सासरी बाळंतपणात चोरून लिंबाचं लोणचं खाल्लं होतं, ते सासर होतं. ही तर माहेरी आली होती ना!

तरी मी मागे हटले नाही. त्याच सुमारास बाळ संध्याकाळ झाली की तास-तासभर रडायला लागलं आणि मी लगेच म्हणाले, "बघ, तुझी कॉफी." ती त्या रात्री बाळाला पाजता पाजता रडली.

दीड महिन्याच्या लशीला संभाजीनगरला गेलो तेव्हा मीच डॉक्टरीणबाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, बहुतेक बाळं सहाव्या आठवड्याच्या आसपासच सगळ्यात जास्त रडतात, आई कॉफी पिवो न पिवो. आईने घेतलेल्या कॅफिनचा फार थोडा भाग, साधारण शेकडा एक, बाळापर्यंत पोचतो. मात्र आपल्या अंगातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांत उतरतं, तर नवजात बाळाला त्यालाच तीन-चार दिवस लागतात. सहा महिन्यांचं होईतो बाळही मोठ्या माणसासारखं ते निपटू लागतं. म्हणून पहिले काही महिने बेताने घ्यायचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास मध्येच थांबू नये म्हणून दवाखान्यात कॅफिनच औषध म्हणून देतात, हेही त्यांनीच सांगितलं. मी तर थक्कच झाले. मग त्यांनी मला विचारलं, "आणि चहा किती देता?"

इथे मी अडकले. मी बी.कॉम. झालेली बाई, घरचा रुपयान् रुपया वहीत लिहिते. घरी येऊन वही उघडली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत आकडे दिलेत: 150 मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफिन, इन्स्टंटमध्ये 50 ते 65, आणि चहात 30 ते 65. दिवसाला 300 च्या वर जाऊ नये असं त्या म्हणतात. युरोपातली अन्नसुरक्षा संस्था पाजणाऱ्या आईला 200 पर्यंत ठीक म्हणते.

आता माझा जमाखर्च. उठल्यावर चहा, नाश्त्याला चहा, दुपारी झोपेतून उठली की चहा, भेटायला कोणी आलं की त्यांच्याबरोबर चहा. चार कप, माझा कडक उकळलेला. म्हणजे अडीचशेच्या घरात मीच नेऊन ठेवलं होतं, वर कॉफीला बंदी! आणि बाळाच्या अंगात रोजचं पुरतं संपत नाही, जुनी बाकी पुढे ओढत जावी तसं ते साचतं.

त्याहून मोठी चूक दुसरीच. तिचं हिमोग्लोबिन कमी होतं. नाश्ता झाला की मी लोहाची गोळी द्यायचे आणि लगेच हातात चहाचा कप. चहा-कॉफीतल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर ते टाळायला त्याच मार्गदर्शिकेत सांगितलंय. खीर, खारीक, गोळी, सगळ्यावर मीच पाणी फिरवत होते.

लेकीला वही दाखवली. ती हसली आणि म्हणाली, "आई, मला चहा आवडतच नाही गं. तू आणून देतेस म्हणून पिते."

मग चारही चहा बंद केले. सकाळी एक कॉफी आणि चारच्या सुमाराला एक, दोन्ही छोट्या कपात, बाळाला पाजून झाल्यावर, खाण्यापासून तासभर लांब. सूर्यास्तानंतर आमच्या स्वयंपाकघरात काही होतच नाही, तो प्रश्न आपोआप मिटला. बाळ आणखी दोन-तीन आठवडे रडलं आणि मग हळूहळू कमी झालं. तोवर लेक पुन्हा ओसरीवर सगळ्यांत बसून कॉफी पिऊ लागली होती.

जाताना ती कॉफीची बाटली इथेच विसरून गेली. आता चार वाजता मी आणि हे एकेक कप घेतो, वर जायफळ किसून. तिला जायफळ चालत नाही, औषधासारखं लागतं म्हणते.