जोडीचा आवाज

लोणंदला आपली कुटुंबे मोजकीच. तरी रविवारच्या मिस्सेला गायनवृंद असतो आणि त्यात एक बेस गिटार. ती वाजविणारा तरुण आठवडाभर कांद्याच्या बाजारात हिशेब लिहितो. गिटारच्या दोन पिकअपपैकी मानेकडचा मुका झाला, तेव्हा नवा एकच घ्यावा की जोडी, हा प्रश्न वर्गणी देणाऱ्या घरांपुढे आला. जोडीला जवळजवळ दुप्पट पैसे लागणार होते. मी जोडीच्या बाजूने बोललो.

पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली की या गुंडाळीत वीज उपजते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखविलेले तत्त्वच ते. मात्र गुंडाळी आसपासच्या विजेची गुणगुणही टिपते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. बेसच्या सर्वांत जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याचा 'जी' ४९ चा. गीत त्या स्वरावर टेकले की दोघांचे भांडण साऱ्या प्रार्थनेत घुमते.

फेंडर कंपनीच्या १९६० च्या जॅझ बेसमध्ये यावर तोड आहे. एका पिकअपची गुंडाळी दुसऱ्याच्या उलट आणि चुंबकही उलट. दोनदा उलटल्यामुळे तारेचा स्वर दोन्हींतून एकाच दिशेने येतो व वाढतो. गुणगुणीला चुंबकाशी कर्तव्य नाही. ती एकदाच उलटते आणि जोडीदाराची गुणगुण पुसून टाकते. जुन्याशेजारी बसविलेल्या नव्याचे चुंबक त्याच दिशेचे निघाले, तर? जोडतारा कितीही अदलाबदल करा: स्वर जुळला तर गुणगुण वाढते, गुणगुण गेली तर खर्ज पोकळ होतो.

हे ज्येष्ठांना पटेना. मग मिरजेची आठवण दिली; लोणंदहून रेल्वे तेथे जातेच. तेथील सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गवई तानपुऱ्यांची जोडी निवडतो, ती एकमेकांशी जुळणारी. एवढ्यावर वर्गणी पुरी झाली. (चुंबकापेक्षा तानपुरा अधिक बोलका!)

घेण्यापूर्वी मुलाने पट्टीने मापे घेतली. घोडीकडे तारा फाकतात, म्हणून मूळ रचनेत तिकडचा पिकअप सुमारे तीन मिलिमीटर लांब असतो. नकलेत दोन्ही सारखेही निघतात. दुकानात होकायंत्र धरले: एकाने सुईचे उत्तर टोक ओढले, दुसऱ्याने दक्षिण. मानेकडे तार अधिक झुलते, म्हणून तो पिकअप किंचित खाली बसविला.

रविवारी प्रवेशगीत 'जी' मध्येच घेतले. एक बटण मिटले की गुणगुण परतते, म्हणून तो दोन्ही पूर्ण उघडी ठेवतो. जुना चालू पिकअप कपाटात आहे. फलटणच्या एका मुलाने तो मागितला आहे. त्याच्या गिटारमधील दुसऱ्यावर आधी होकायंत्र धरावे लागेल.